इतिहासाचा प्रश्न आधी शिक्षकांनीच सोडवावा : स्वाध्याय आणि गुणदानाच्या सहविचार बैठका कशा घ्याव्यात

एकाच उत्तराला एक शिक्षक दहापैकी चार गुण देतात आणि दुसरे आठ. इतिहास शिकवणाऱ्यांना हे नवे नाही. डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट यांनी १९१२-१३ मध्ये अमेरिकेत एकेका विषयाची तीच उत्तरपत्रिका अनेक शाळांतल्या शिक्षकांकडून तपासून घेतली. इंग्रजी, भूमिती आणि इतिहास या तिन्ही विषयांत गुणांची मोठी तफावत निघाली. यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे निकषांचा तक्ता. उपाय बरोबर आहे, पण त्याआधीचे एक काम राहून जाते. इतिहासात तफावतीचे मूळ बहुतेक वेळा उत्तरात नसून प्रश्नात असते. ‘माहिती लिहा’ असे विचारले की एक शिक्षक मुद्दे मोजतो, दुसरा मांडणी पाहतो, तिसरा कारणमीमांसा शोधतो, आणि कोणालाच चूक म्हणता येत नाही, कारण काय हवे आहे हे प्रश्नाने सांगितलेलेच नसते. म्हणून सहकाऱ्यांबरोबर बसायचे तर आधी प्रश्न घेऊन बसा. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे त्यानंतर.

पुढची पद्धत ठाणे आणि नवी मुंबईत आठवी ते दहावीला इतिहास शिकवणाऱ्यांसाठी आहे. तिला दोन बैठका लागतात. पहिलीत स्वाध्यायाचा किंवा प्रकल्पाचा प्रश्न दुरुस्त करायचा, दुसरीत गुणदान जुळवायचे. मध्ये साधारण तीन आठवडे ठेवा, म्हणजे दुरुस्त केलेला प्रश्न तेवढ्यात एखाद्या तुकडीला देऊन होतो.

गट कसा जमवावा

पाच किंवा सहा जण पुरेत. चारपेक्षा कमी असतील तर मतभेद नीट दिसत नाहीत आणि सातच्या वर गेले की एकदोघेच बोलत राहतात. किमान तीन शाळांतले शिक्षक हवेत, कारण एकाच शिक्षक खोलीत वर्षानुवर्षे बसणाऱ्यांच्या तपासण्याच्या सवयी सारख्या झालेल्या असतात. मराठी माध्यमाच्या गटात सेमी किंवा इंग्रजी माध्यमाचे एक सर किंवा मॅडम असतील तर उत्तम. नुकती नोकरीला लागलेली एखादी शिक्षिका आवर्जून घ्या, प्रश्नातली संदिग्धता तिला आधी खटकते. ज्यांना गटातल्या कोणाचा गोपनीय अहवाल लिहायचा असतो अशा मुख्याध्यापकांना किंवा पर्यवेक्षकांना याच गटात बसवू नका. त्यांच्यासमोर कोणी आपला फसलेला प्रश्न आणत नाही, सगळे ठेवणीतला आणतात.

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरुळ अशा पसरलेल्या गटाला ट्रान्स हार्बर मार्गावरचे ऐरोली किंवा घणसोली मध्ये पडते. शाळा दोन सत्रांत भरत असल्याने वेळ जुळवणे हेच सर्वांत कटकटीचे काम असते. शनिवारची दुपार बहुतेकांना जमते. गणपतीच्या आधीचा आठवडा, बोर्डाच्या पेपर तपासणीचे दिवस आणि निवडणुकीची कामे लागलेला काळ टाळा. जागा म्हणून रिकामा वर्ग घ्या, शिक्षक खोली नको, तिथे सतत ये-जा असते. चार बाक समोरासमोर लावा आणि फळा मोकळा ठेवा.

तीन कामे आधीच वाटून द्या. सूत्रधार चर्चा चालवतो, एक जण घड्याळ पाहतो, एक जण नोंदी लिहितो. ज्यांचा प्रश्न चर्चेला आहे त्यांच्याकडे यातले कोणतेही काम देऊ नका.

प्रश्न आणणाऱ्याने काय आणावे

एका पानावर पाच गोष्टी असाव्यात: मुलांना जसा देणार तसाच्या तसा छापलेला प्रश्न, इयत्ता आणि पाठ, एकूण गुण, मुलांना मिळणारा वेळ, आणि या प्रश्नातून मुलाला नेमके काय करता यायला हवे ते एका वाक्यात. हे शेवटचे वाक्य सर्वांत कठीण जाते. ‘विद्यार्थ्यांना रेल्वेची माहिती व्हावी’ एवढेच लिहिता येत असेल तर ती खूण समजा की प्रश्न अजून तयार नाही. ‘रेल्वे बांधण्यामागचा हेतू आणि तिचा प्रत्यक्ष परिणाम यांतला फरक विद्यार्थ्याला पुराव्यानिशी सांगता यावा’ असे वाक्य जमले तर त्यावर प्रश्न उभा राहू शकतो.

प्रश्नाबरोबर उतारा, नकाशा किंवा चित्र देणार असाल तर त्याच्याही प्रती आणा. मोबाईलवर दाखवलेले साधन कोणी नीट वाचत नाही.

पहिली बैठक : एका प्रश्नाला एक तास

पहिली पाच मिनिटे प्रश्न आणणाऱ्याने संदर्भ सांगावा: वर्ग कसा आहे, हा पाठ कधी झाला, यापूर्वी मुले कुठे अडली. प्रश्नाचे समर्थन करू नये.

पुढची पंधरा मिनिटे सगळ्यांनी तो प्रश्न कागदावर सोडवावा. मनात नव्हे, पेनने. या पायरीला हमखास फाटा दिला जातो, ‘आपल्याला उत्तर येतेच की’ म्हणून, आणि ती गाळली की बैठकीतून हाती लागते ती फक्त मतांची देवाणघेवाण. लिहायला बसल्यावरच कळते की पंधरा मिनिटांत चार मुद्दे होत नाहीत, की ‘परिणाम’ म्हणजे कोणावरचा परिणाम, की उताऱ्यातले एक वाक्य दोन अर्थांनी वाचता येते.

त्यानंतर दहा मिनिटे प्रत्येकाने फक्त सांगायचे: मी काय लिहिले आणि या प्रश्नाने मला काय करायला लावले. चांगले-वाईट अजून म्हणायचे नाही. मग पाच मिनिटे निव्वळ शंका, ज्यांचे उत्तर एका वाक्यात देता येईल अशा. ‘तुम्हाला नाही का वाटत की…’ अशी सुरुवात होणारी शंका ही शंका नसते, सूचना असते. सूत्रधाराने ती पुढच्या फेरीसाठी राखून ठेवावी.

मग पंधरा मिनिटे मोकळी चर्चा. या वेळात प्रश्न आणणाऱ्याने बोलायचे नाही, लिहून घ्यायचे. हा नियम कडक वाटतो, पण प्रत्येक सूचनेवर खुलासा सुरू झाला की वेळ खुलाशातच जातो आणि सूचना देणारे थांबतात. चर्चेची सुरुवात प्रश्नात काय जमले आहे तिथून करा, मात्र त्यावर तीन मिनिटांपेक्षा जास्त नको. शेवटच्या दहा मिनिटांत प्रश्न आणणाऱ्याने तिथेच, फळ्यावर, प्रश्नाचा नवा मसुदा लिहावा. ‘घरी जाऊन बघते’ म्हटले की सोमवारी पुन्हा जुनाच प्रश्न वर्गात जातो.

एका शनिवारी दोन प्रश्न होतात. तिसरा घेतला तर तो घाईत उरकला जातो.

एक प्रश्न जवळून पाहू

‘भारतातील पहिल्या रेल्वेविषयी माहिती मिळवा व सचित्र प्रकल्प तयार करा. (१० गुण)’

ठाण्यातल्या शाळांत हा प्रकल्प दिला जाणे साहजिक आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली गाडी इथेच येऊन थांबली. पण हा प्रश्न सोडवायला बसलात तर काय होते ते पाहा. कोणी तारीख, चौदा डबे, चारशे पाहुणे, साहिब-सिंध-सुलतान ही तीन इंजिने लिहितो. कोणी वसाहतवादावर लिहितो. कोणाला चित्रे कुठून आणायची हा प्रश्न पडतो. मुलांचेही तेच होते, फक्त त्यांच्या बाबतीत स्टेशनरीच्या दुकानातले तयार चित्रांचे तक्ते आणि आता मोबाईलवरचे आयते लेखन यांची भर पडते. फाइल जितकी सजलेली तितके गुण जास्त, हा पायंडा अशा प्रश्नांनीच पडला आहे. घरात प्रिंटर असलेल्या मुलाला तो दोन गुण आधीच देऊन बसतो.

याच विषयाचा दुरुस्त केलेला प्रश्न असा होऊ शकतो:

‘बोरीबंदर–ठाणे रेल्वे एप्रिल १८५३ मध्ये सुरू झाली. ती मे १८५४ मध्ये कल्याणपर्यंत गेली. १८६३ मध्ये बोरघाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून मार्ग खुला झाला. सोबतचा नकाशा आणि दोन उतारे वाचा. “ही रेल्वे ठाण्याच्या लोकांसाठी बांधलेली नव्हती” हे विधान तुम्हाला किती पटते? दोन्ही उताऱ्यांतला किमान एकेक पुरावा देऊन १५० ते २०० शब्दांत लिहा. तुमच्या मताच्या विरुद्ध जाणारा एक मुद्दाही मांडा.’

पहिला उतारा तेव्हाचा गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने २० एप्रिल १८५३ ला लिहिलेल्या रेल्वेविषयक टिपणाचा. त्यात सैन्याच्या वेगवान हालचालींचा आणि इंग्लंडला हव्या असलेल्या कापसाच्या व्यापाराचा विचार आहे. दुसरा उतारा १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमधून, दळणवळणाविषयीच्या भागातला. मूळ भाषा आठवीला झेपणार नाही, तेव्हा दोन्हींचे ८० ते १०० शब्दांचे सोपे मराठी रूप करा, पण उताऱ्याखाली कोणी, कधी, कोणासाठी लिहिले ही ओळ जशीच्या तशी ठेवा. ती काढली की उतारा साधन राहत नाही, आकलनाचा परिच्छेद होतो. नकाशात दोन्ही घाट आणि खानदेश-वऱ्हाडचा कापसाचा प्रदेश दाखवा.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि गटाने ती बैठकीतच हेरायला हवी. डलहौसीचे टिपण पहिली गाडी धावल्यानंतर चार दिवसांनी लिहिलेले आहे. हा मार्ग बांधणारी ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनी तर १८४९ मध्येच स्थापन झाली होती. म्हणजे हे टिपण मुंबई–ठाणे मार्ग बांधायला घेण्याचे कारण असू शकत नाही. ते पुढच्या विस्ताराविषयी आहे. एखादी मुलगी तारखांकडे पाहून हे लिहील. तिला काय द्यायचे हे आधी ठरले नसेल तर एक शिक्षक तिचे उत्तर ‘विषयांतर’ म्हणून कापेल आणि दुसरा पैकीच्या पैकी देईल.

सॅम वाइनबर्ग यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इतिहासकार आणि शाळकरी विद्यार्थी एकच कागदपत्रे कशी वाचतात याची तुलना आहे. इतिहासकार मजकूर वाचण्याआधी तो कोणाचा आणि कधीचा हे पाहतात, मुले बहुधा सरळ मजकुरात शिरतात. आपल्या प्रश्नाने मुलाला त्या खालच्या ओळीकडे पाहायला भाग पाडले पाहिजे. दहावीच्या पुस्तकाची सुरुवातच इतिहासलेखनाच्या परंपरांनी होते. तो पाठ फक्त टिपा पाठ करून घेण्यापुरता राहू नये असे वाटत असेल तर याहून चांगली जागा नाही.

मौखिक इतिहासाचा प्रकल्प देताना

नवी मुंबईत हा प्रकल्प फार उपयोगी पडतो आणि तितकाच सहज फसतो. हे शहर वसवणाऱ्या सिडको महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० ची. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर शहर उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला. हे पाहिलेली माणसे मुलांच्या घरात आणि शेजारी आहेत. मात्र ‘आजोबांना त्यांच्या जमिनीविषयी विचारा’ असा प्रश्न दिला की घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे गावातली मुले भरभरून लिहितात आणि सातारा, सोलापूर किंवा उत्तर प्रदेशातून आलेल्या घरांतली मुले कोरी राहतात किंवा काहीतरी रचून आणतात.

म्हणून प्रश्न घराण्याशी न जोडता परिसराशी जोडा: ‘या नोडमध्ये (सिडकोच्या वसाहतीत) १९९५ च्या आधीपासून राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्या एका व्यक्तीशी बोला.’ मग कोपरखैरण्यातले माथाडी आजोबाही साधन होतात. १९६९ चा माथाडी कायदा, मुंबईतून वाशी-तुर्भ्याला आलेला घाऊक बाजार, त्याबरोबर बदललेले त्यांचे काम आणि घर हा त्याच शहराचा इतिहास आहे.

सहा प्रश्न, पंधरा मिनिटांचे बोलणे, त्यातल्या दहा ओळी बोलणाऱ्याच्याच शब्दांत, आणि त्याखाली विद्यार्थ्याच्या स्वतःच्या पंधरा ओळी, एवढा आवाका पुरे. रेकॉर्डिंगला आधी परवानगी घ्यायची. घराचा पत्ता, मोबदल्याची रक्कम, भाऊबंदकीतले वाद लिहायचे नाहीत. हे सूचनांमध्ये छापा, तोंडी सांगून भागत नाही.

गुणदानाच्या दोन बाबी गटाने आधीच मिटवाव्यात. एक, आगरी बोलीतली वाक्ये. ती जशी बोलली तशी लिहिणे हाच प्रामाणिकपणा आहे, त्याला ‘अशुद्ध’ म्हणून लाल शाई लावायची नाही. दुसरी, चुकीचे साल. आजी १९८४ च्या आंदोलनाला ‘ऐंशी-एक्याऐंशीची गोष्ट’ म्हणाल्या तर विद्यार्थ्याचा गुण जात नाही. ते साल दुसऱ्या साधनाशी ताडून फरक नोंदवला तर मात्र गुण मिळतो. आठवणीत कोणते साल सरकते आणि कोणती घटना पक्की राहते, हे मुलांनी स्वतः पाहणे हाच या प्रकल्पाचा गाभा आहे.

निकष लिहिणे

पहिल्या बैठकीनंतर आठवडाभरात प्रश्न आणणाऱ्याने निकष लिहून गटाला पाठवावेत. रेल्वेच्या प्रश्नासाठी चार ओळी पुरतात: भूमिका २, पुरावा ४, साधनाची पारख २, दुसरी बाजू २. चारपेक्षा जास्त ओळी झाल्या की तपासताना कोणी तक्त्याकडे पाहत नाही.

‘उत्तम, चांगले, बरे’ अशा शब्दांनी श्रेणी लिहू नका, कारण वाद नेमका त्याच शब्दांवर असतो. कागदावर काय दिसेल ते लिहा. पुराव्याच्या चार गुणांचे वर्णन असे: दोन्ही उताऱ्यांतला नेमका तपशील दिला आणि तो भूमिकेशी ‘म्हणून’ने जोडला तर ४, दोन्हींतला तपशील आहे पण जोडणी एकाचीच, तर ३, तपशील एकाच उताऱ्यातला आणि जोडलेला, किंवा दोन्हींचा उल्लेख मोघम, तर २, फक्त पाठ्यपुस्तकातली माहिती, तर १.

तारखा आणि आकड्यांना वेगळे गुण ठेवू नका. चौदा डबे हा तपशील खरा आहे, पण या प्रश्नाला त्याचा उपयोग नाही. तेच ‘पहिल्या गाडीत चारशे निमंत्रित पाहुणे होते, सामान्य प्रवासी नव्हते’ असे लिहिले की तो पुरावा होतो. अक्षर आणि शुद्धलेखन यांसाठी इतिहासात गुण कापायचे की नाही हे एकदाच ठरवा. आमचे मत स्पष्ट आहे: अर्थ कळत असेल तर कापू नयेत. ज्या घरात लिखित मराठीचा सराव नाही त्या मुलाला भाषेच्या पेपरात त्याची किंमत मोजावी लागतेच, इथे ती दुसऱ्यांदा वसूल होऊ नये.

निकष मुलांना प्रश्नाबरोबरच द्या. ‘मग सगळेच तसे लिहितील’ ही भीती वाटत असेल तर लक्षात घ्या, तसे लिहिणे हेच तर शिकवायचे आहे.

दुसरी बैठक : गुणदान जुळवणे

नव्या प्रश्नाच्या सहा उत्तरपत्रिका लागतात. तपासण्याआधीच त्यांच्या झेरॉक्स काढा, कारण लाल शाईची एक खूण दिसली तरी पुढचा तपासनीस तिच्याकडे ओढला जातो. नाव, हजेरी क्रमांक आणि शाळेचा शिक्का पट्टीने झाका आणि वर क ते ज्ञ पैकी एखादे अक्षर टाका. निवड करताना सर्वांत हुशार आणि सर्वांत कच्चे उत्तर टाळा, त्यांवर एकमत असतेच. मधली चार घ्या, एक तोकडे पण विचार असलेले, आणि एक लांबलचक पण भरकटलेले.

प्रत्येकाने सहाही उत्तरे न बोलता तपासावीत, प्रत्येकी साधारण चार मिनिटे. गुण चिठ्ठीवर, निकषवार. मग सूत्रधार फळ्यावर तक्ता आखतो आणि सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकदम उघडतात. एकेकाने तोंडी सांगायला सुरुवात केली की ज्येष्ठ शिक्षकांचा आकडा ऐकून बाकीचे आपला बदलतात, म्हणून चिठ्ठी.

दोन किंवा त्याहून जास्त गुणांचा फरक असलेल्या उत्तरांवरच चर्चा करा. बोलणाऱ्याने उत्तरातल्या ओळीवर बोट ठेवून बोलावे. ‘मुलगा समजून लिहितोय असे वाटते’ हे चालणार नाही.

नमुन्यासाठी रचलेले हे उत्तर पाहा:

‘रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला सुरू झाली. तिला १४ डबे होते. इंग्रजांनी रेल्वे स्वताच्या फायद्यासाठी बांधली कारण त्यांना कापूस न्यायचा होता. डलहौसीने सैन्याबद्दल पण सांगितले आहे. पण ठाण्याच्या लोकांना मुंबईला जायला सोपे झाले. म्हणून मला अर्धे पटते.’

नुसत्या अंदाजाने तपासले तर याला तीनपासून सातपर्यंत काहीही मिळू शकते. शब्दमर्यादा पाहणारा तीन देईल, दोन्ही बाजू आहेत म्हणून दुसरा सात. निकष लावून वाचा. ‘अर्धे पटते’ ही भूमिका आहे का? इथे गट अडतो, आणि अडणे योग्य आहे. दोन्ही अर्ध्यांना कारण दिलेले असल्याने ती भूमिका मानावी असे ठरले तर २. कापूस आणि सैन्य हे दोन्ही मुद्दे उताऱ्यातले आहेत, पण कोणत्या उताऱ्यात काय म्हटले ते नाही आणि दुसरा उतारा वापरलेलाच नाही, पुरावा २. टिपण कोणाचे, कधीचे, याचा विचार नाही, ०. दुसरी बाजू आहे पण आधाराशिवाय, १. एकूण ५. ‘स्वताच्या’ला काही नाही, चौदा डब्यांनाही काही नाही, आणि लांबी आपोआप मोजली गेली, कारण तोकड्या उत्तरात पुराव्याला जागाच उरली नाही.

नोंद ठेवणाऱ्याने ठराव एका ओळीत लिहावा: ‘काही अंशी पटते’ ही पूर्ण भूमिका, दोन्ही अंशांना कारण असल्यास. अशा सहा-सात ओळी हेच बैठकीचे खरे उत्पन्न.

सरासरी काढून मोकळे होऊ नका. चार आणि आठ यांची सरासरी सहा येते, पण ते सहा गुण कशाचे हे कोणालाच सांगता येत नाही आणि दोघेही पुढच्या वेळी पुन्हा चार आणि आठच देतात. ठराव झाल्यावर सातवे, कोणी न पाहिलेले उत्तर सगळ्यांनी तपासा. फरक एका गुणाच्या आत आला तर निकष चालतात असे समजा. नाही आला तर निकषाचे शब्द बदला, माणसांना दोष देऊ नका.

बोर्डाच्या तपासणीत परीक्षकावर नियामक आणि त्यावर मुख्य नियामक असतात, ती व्यवस्था अनेकांनी जवळून पाहिलेली असते. इथे मात्र वरून कोणी आकडा दुरुस्त करत नाही, म्हणून प्रत्येकाला आपल्या आकड्याचे कारण सांगावे लागते. दहावीच्या इतिहास व राज्यशास्त्राच्या ४० गुणांच्या लेखी परीक्षेचा आराखडा आपल्या हाती नाही. सामाजिक शास्त्रांच्या अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण शाळेच्या हाती आहेत. खरी सुधारणा तिथे आणि आठवी-नववीत करता येते.

मतांचे प्रश्न

शिवकाल, जात, फाळणी, आणीबाणी, गिरणी संप अशा विषयांवर शिक्षकाचे स्वतःचे मत गुणांत उतरते, आणि ते त्याला कळतही नाही. यावर एक चाचणी आहे. गटातल्या एकाने एकाच दर्जाची पण विरुद्ध बाजूंची दोन छोटी उत्तरे रचून आणावीत, पुरावे दोन्हींत सारख्याच संख्येने आणि सारख्याच नेमकेपणाने. सगळ्यांनी तपासावीत. आकड्यांत फरक पडला तर कोणाचा पडला यावर वाद घालू नका, दोन्ही उत्तरांतले पुरावे पुन्हा मोजा. चुकीची माहिती आणि न पटणारे मत यांत गल्लत करू नका: चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाणे १७३७ मध्ये आणि वसई १७३९ मध्ये मराठ्यांकडे आली, हा क्रम उलटा लिहिणे चूक आहे, मोहिमेच्या यशाचे श्रेय कोणत्या कारणाला जास्त, हे मत आहे.

गठ्ठा घरी नेल्यावर

साठ मुलांच्या पाच तुकड्या म्हणजे तीनशे उत्तरे. सगळ्याच स्वाध्यायांना हे निकष लावायला गेलात तर पहिल्याच सत्रात सोडून द्याल. एका सत्रात एकच स्वाध्याय या पद्धतीने तपासा, बाकीचे साध्या खुणेने.

एका दमात वीस ते पंचवीस उत्तरांच्या वर जाऊ नका. तुकडीनुसार लावलेला गठ्ठा आधी पिसून घ्या, नाहीतर ‘अ’ तुकडीच्या उत्तरांनंतर ‘ई’ तुकडीची उत्तरे विनाकारण फिकी वाटतात. प्रत्येक पंचविशीच्या सुरुवातीला गटाने ठरवलेले ५ गुणांचे नमुना उत्तर पुन्हा वाचा. सगळे झाल्यावर पहिली पाच पुन्हा काढा. सुरुवातीला हात आखडता असतो आणि शेवटी थकव्याने सैल होतो, किंवा उलट. फरक एका गुणाहून जास्त दिसला तर पहिली पंचविशी परत पाहावी लागते.

शेरा एकच आणि प्रश्नाच्या रूपात. ‘छान’ आणि ‘अजून मेहनत घ्या’ यांनी मुलाला पुढे काय करायचे ते कळत नाही. ‘डलहौसीने हे पहिली गाडी सुटण्याआधी लिहिले की नंतर?’ याने कळते. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या इस्रायलमधल्या अभ्यासात फक्त शेरे मिळालेल्या मुलांची कामगिरी सुधारली, शेऱ्याबरोबर गुणही मिळालेल्यांची तशी सुधारली नाही. आपल्याकडे गुण न देऊन चालत नाही, पण शेरा आधी आणि गुण दोन दिवसांनी एवढे करता येते. मधल्या तासिकेत दहा मिनिटे मुलांनी उत्तरातला एक परिच्छेद वहीत पुन्हा लिहावा. घरून आयते उतरवून आणलेले लेखनही याच दहा मिनिटांत उघडे पडते, वेगळी चौकशी करावी लागत नाही.

नोंदी

प्रत्येक प्रश्नाची एक पातळ फाइल ठेवा: जुना प्रश्न, नवा प्रश्न, उतारे, निकष, ठरावाच्या ओळी आणि नावे झाकलेली तीन नमुना उत्तरे (३, ५ आणि ८ गुणांची). पालक गुण का कमी म्हणून भेटायला आले तर हीच तीन उत्तरे समोर ठेवून बोला, दुसऱ्या मुलाची वही काढून दाखवू नका. बैठकीतल्या ठरावामुळे आधीच दिलेले गुण बदलू नका; ठराव पुढच्या स्वाध्यायापासून लागू. दुसऱ्या वर्षी तोच प्रश्न द्यायचा असेल तर निकष तसेच ठेवून एक उतारा बदला, कारण मोठ्या भावंडाची वही घरात असतेच, आणि बदललेल्या उताऱ्यासाठी सातव्या उत्तराची चाचणी पुन्हा घ्या.